सार्वजनिक पिण्याच्या पाण्याचे प्रदूषण आणि उलटप्रवाह-नियंत्रणाचे नियम

प्रस्तावना

पिण्याच्या पाण्याच्या प्रदूषणाचा विचार करताना आपले लक्ष प्रामुख्याने नदी, धरण आणि जलशुद्धीकरण केंद्र यांच्याकडे जाते. कारखान्यांचे सांडपाणी, नाल्यांचे नदीत मिसळणे, तुरटी व क्लोरीन यांची मात्रा हे विषय पर्यावरण अभ्यासाच्या निमित्ताने आपल्या विद्यार्थ्यांनाही परिचित झाले आहेत. दिल्लीत १९५५-५६ मध्ये नजफगड नाल्याचे सांडपाणी यमुनेवरील वझिराबादच्या उपसा केंद्रापर्यंत पोहोचले आणि सुमारे २९,००० नागरिकांना कावीळ झाली, ही घटना सार्वजनिक आरोग्याच्या पाठ्यपुस्तकांत आवर्जून सांगितली जाते. तेथे दोष केंद्रात येणाऱ्या पाण्याचा होता. परंतु केंद्रातून शुद्ध होऊन निघालेले पाणीही नागरिकाच्या नळापर्यंत पोहोचताना पुन्हा दूषित होऊ शकते, आणि त्याला दूषित करणारी वस्तू अनेकदा ग्राहकाच्याच इमारतीत असते. इमारतीतील वापरलेले, साठवलेले वा रसायनमिश्रित पाणी उलट दिशेने सार्वजनिक जलवाहिनीत शिरते. अभियांत्रिकीत यास बॅकफ्लो म्हणतात. प्रस्तुत लेखात त्यासाठी ‘उलटप्रवाह’ हा शब्द वापरला आहे.

उलटप्रवाह कसा घडतो, तो रोखण्यासाठी अन्य देशांत कोणत्या प्रकारचे नियम झाले आणि आपल्याकडील परिस्थितीत त्या नियमांचा अर्थ काय होतो, हे स्पष्ट करण्याचा येथे प्रयत्न केला आहे. आपल्याकडे नळाला थेट पंप जोडणे हा पाणीचोरीचा प्रकार मानला जातो. वास्तविक तो आधी आरोग्याचा प्रश्न आहे, आणि नियमांची मांडणीही त्या दृष्टीने व्हावयास हवी, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

पाणी उलटे का वाहते?

जलवाहिनीतील पाण्याला स्वतःची अशी दिशा नसते. अधिक दाबाकडून कमी दाबाकडे जाणे एवढेच त्याला ठाऊक असते. रस्त्यातील वाहिनीत दाब पुरेसा असेपर्यंत पाणी घराकडे येते. हा दाब इमारतीतील दाबापेक्षा कमी झाला की प्रवाह फिरतो. असे होण्याचे दोन मार्ग आहेत.

पहिला मार्ग शोषणाचा. दहा मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाचा दाब साधारणपणे दर चौरस सेंटिमीटरला एक किलोग्रॅम एवढा असतो. तिसऱ्या मजल्यापर्यंत गेलेल्या उभ्या पाइपात एवढे पाणी नेहमी लटकत असते. खाली रस्त्यात वाहिनी फुटली किंवा जवळच लागलेल्या आगीसाठी अग्निशमन दलाने मोठ्या प्रमाणावर पाणी उपसले, तर हा स्तंभ आपल्याच वजनाने खाली घसरतो आणि त्याच्या मागे पोकळी निर्माण होते. त्या वेळी वरच्या मजल्यावरील एखाद्या उघड्या नळाला रबरी नळी जोडलेली असेल आणि तिचे टोक साबणाच्या बादलीत बुडालेले असेल, तर बादलीतील पाणी नळीतून वर चढून वाहिनीत उतरते. रेशनच्या दुकानात रॉकेलच्या पिंपात नळी घालून तोंडाने एकदाच ओढणारा आणि मग आपोआप वाहणाऱ्या धारेखाली माप धरणारा दुकानदार ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे तत्त्व वेगळे सांगावयास नको. वातावरणाचा दाब पाण्याला जास्तीत जास्त सुमारे १०.३ मीटरपर्यंत वर ढकलू शकतो. नळाची आणि बादलीची उंची त्या मानाने किरकोळ आहे. मात्र नळीचे टोक पाण्याबाहेर असेल तर आत फक्त हवा शिरते आणि शोषण तुटते. पुढे ज्या नियमांची चर्चा केली आहे, त्यांतील बरेचसे या एका निरीक्षणावर उभे आहेत.

दुसरा मार्ग प्रतिदाबाचा. इमारतीत बॉयलर, उंचावरची टाकी किंवा पंप असेल आणि त्याचा दाब रस्त्यातील वाहिनीपेक्षा अधिक झाला, तर आतील पाणी बाहेर ढकलले जाते. येथे टोक बुडालेले असण्याचीही गरज नसते. दोन्ही प्रणाली एकमेकींना जोडलेल्या असणे पुरेसे असते. पिण्याच्या पाण्याची वाहिनी आणि अन्य कोणत्याही पाण्याची वाहिनी यांच्यातील अशा प्रत्यक्ष वा संभाव्य जोडणीस क्रॉस कनेक्शन म्हणतात. उलटप्रवाह ही घटना आहे आणि क्रॉस कनेक्शन ही तिची पूर्वतयारी. घटना क्षणिक असते, पूर्वतयारी वर्षानुवर्षे भिंतीत पडून राहते.

काही घटना

शिकागो येथे १९३३ मध्ये जागतिक प्रदर्शन भरले होते. देशभरातून आलेले पाहुणे शहरातील मोठ्या हॉटेलांत उतरले. त्यांपैकी परस्परांशी जलव्यवस्थेने जोडलेल्या दोन हॉटेलांतून अमीबाजन्य आमांशाची साथ पसरली. सुमारे १,४०० जणांना बाधा झाली आणि ९८ जण दगावले. आपापल्या गावी परतल्यावर आजारी पडल्यामुळे या रुग्णांचा एकमेकांशी संबंध आहे हे उशिरा लक्षात आले. तपासात जुन्या, सदोष नळकामातून सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळत असल्याचे उघड झाले. शहराचे पाणी शुद्ध होते. दोष हॉटेलांच्या भिंतींत होता. शिवाय या अमीबाची कोष्ठावस्था क्लोरीनच्या नेहमीच्या मात्रेला दाद देत नाही. अमेरिकेत नळकामाकडे आरोग्याचा विषय म्हणून पाहण्यास या साथीने मोठी चालना दिली.

दुसरी घटना आपल्या वाचकांना अधिक जवळची वाटेल, कारण ती एका महाविद्यालयाची आहे. मॅसॅच्युसेट्स राज्यातील वूस्टर येथील होली क्रॉस महाविद्यालयाच्या फुटबॉल संघातील जवळजवळ सर्वांना, प्रशिक्षकांसह सुमारे ९० जणांना, १९६९ च्या सप्टेंबरात संसर्गजन्य काविळीने गाठले. त्या हंगामातील दोन सामने कसेबसे खेळून उरलेले रद्द करावे लागले. महाविद्यालयातील इतर विद्यार्थी मात्र बरे होते. संशोधकांना कारण सापडले ते सरावाच्या मैदानावर. मैदानाला पाणी देणारे फवारे जमिनीखालच्या छोट्या खड्ड्यांत बसवलेले होते आणि त्यांत पाणी साचत असे. शेजारच्या घरातील काही मुलांना कावीळ झालेली होती आणि ती मुले तेथे खेळत. ऑगस्टच्या अखेरीस शहरात मोठी आग लागली, अग्निशमनासाठी पाणी उपसले गेले, वाहिनीतील दाब घसरला आणि खड्ड्यांतील पाणी वाहिनीत ओढले गेले. त्याच वाहिनीच्या टोकाला खेळाडूंचा पिण्याचा नळ होता. आग दूर, खड्डा मैदानात आणि आजार महिनाभराने. या तिन्हींचा संबंध जोडणे किती कठीण आहे, हे लक्षात घेतले तर उलटप्रवाहाच्या घटनांची नोंद कमी का होते, हे उमजते.

फिनलंडमधील नोकिया या गावी नोव्हेंबर २००७ मध्ये घडलेला प्रकार प्रतिदाबाचा होता. सांडपाणी प्रक्रिया केंद्रात प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याची वाहिनी पिण्याच्या पाण्याच्या वाहिनीशी एका व्हॉल्व्हने जोडलेली होती. देखभालीच्या वेळी तो व्हॉल्व्ह उघडला गेला आणि सुमारे साडेचार लाख लिटर सांडपाणी गावाच्या पाण्यात गेले. आठ हजारांहून अधिक लोक आजारी पडले. फिनलंडसारख्या देशात, चोवीस तास दाब असलेल्या प्रणालीत, एका व्हॉल्व्हवर भिस्त ठेवल्याची ही किंमत होती. बंद व्हॉल्व्ह म्हणजे विलगीकरण नव्हे. तो कोणीतरी, केव्हातरी उघडतोच.

नियमांची रचना

या विषयावरील नियमांत सर्वांत जुना, स्वस्त आणि भरवशाचा उपाय म्हणजे हवेची मोकळी जागा. नळाचे तोंड आणि खालील भांड्याची किंवा टाकीची पाणी सांडण्याची पातळी यांत ठरावीक अंतर असले पाहिजे. ब्रिटिश नियमांनुसार ते किमान २० मिलिमीटर किंवा नळाच्या अंतर्व्यासाच्या दुप्पट, यांपैकी जे अधिक असेल ते असावे लागते. म्हणजे १५ मिलिमीटरच्या नळाला ३० मिलिमीटर मोकळी जागा. या उपायात कोणताही सुटा भाग नाही. झिजणारे, गंजणारे, अडकणारे काही नाही. पोकळी निर्माण झाली तरी आत जाते ती हवा.

जेथे अशी जागा ठेवता येत नाही तेथे यांत्रिक साधने येतात. पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, असे दोन व्हॉल्व्ह एकापुढे एक असलेली जोडणी, शोषण सुरू होताच हवा आत घेणारा व्हॅक्यूम ब्रेकर, आणि दोन व्हॉल्व्हांमधील कक्षाचा दाब कमी ठेवून बिघाड झाल्यास पाणी बाहेर सांडणारी, आर.पी.झेड. नावाने ओळखली जाणारी जोडणी, अशी ही चढती भाजणी आहे. यांतील प्रत्येक साधनात स्प्रिंग आणि रबर आहे, म्हणून ती कधीतरी निकामी होणार हे नियमांनीच गृहीत धरले आहे. अमेरिकेत अनेक ठिकाणी अशा जोडण्यांची दरवर्षी प्रमाणित तपासनिसाकडून चाचणी करून घेणे ग्राहकावर बंधनकारक असते.

कोणत्या ठिकाणी कोणते साधन, हे ठरवण्याची ब्रिटनची पद्धत विशेष अभ्यसनीय आहे. इंग्लंड व वेल्ससाठीच्या १९९९ च्या पाणी-जोडसाहित्य नियमांनी पाण्याचे पाच वर्ग केले आहेत. पहिला वर्ग पिण्यायोग्य पाण्याचा. दुसऱ्यात चव, वास वा तापमान बदललेले पाणी, उदाहरणार्थ गरम पाणी. तिसऱ्यात अल्प विषारी द्रव्यांमुळे किंचित धोका असलेले. चौथ्यात कीटकनाशके वा विषारी रसायने यांमुळे लक्षणीय धोका असलेले. पाचव्यात विष्ठा, रोगजंतू किंवा अतिविषारी द्रव्ये असलेले. धोका वाढेल तसे साधन कडक होते, आणि पाचव्या वर्गासाठी सामान्यतः हवेच्या मोकळ्या जागेस पर्याय धरला जात नाही. यातील बारकावा असा की घरातील हात धुण्याचे बेसिन तिसऱ्या वर्गात बसते. परंतु कच्चे मांस धुतले जाण्याची शक्यता असल्याने स्वयंपाकघरातील सिंक पाचव्या वर्गात धरले जाते. वापरणारा मनुष्य स्वच्छतेचा कितीही भोक्ता असो, नियम त्या भांड्यात काय येऊ शकते याचाच विचार करतो.

अमेरिकी व्यवहारात आणखी एक भेद केला जातो. प्रत्येक नळापाशी संरक्षण बसवणे आणि इमारतीच्या प्रवेशजोडणीवर, मीटरपाशी, संपूर्ण इमारतीसाठी एक संरक्षण बसवणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्याने इमारतीतील लोक सुरक्षित राहतात, दुसऱ्याने शेजारी. रुग्णालये, प्रयोगशाळा, धुलाई केंद्रे, रासायनिक कारखाने यांना दोन्ही असावीत अशी अपेक्षा असते, कारण पाणीपुरवठा करणाऱ्या संस्थेला भिंतीआड काय बदल होतात ते रोज पाहता येत नाही.

आपल्याकडील परिस्थिती

वरील नियम ज्या देशांत घडले, तेथे वाहिनीतील दाब नाहीसा होणे ही दुर्घटना मानली जाते. आपल्या बहुसंख्य शहरांत व गावांत ती दिनचर्या आहे. पाणी सकाळी तास-दोन तास येते, काही ठिकाणी दिवसाआड, तर उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा. उरलेला वेळ वाहिनी रिकामी असते. पुरवठा बंद होताना सखल भागातील नळांतून पाणी निघून जाते आणि उंचावरील भागात पोकळी निर्माण होते. गटारातून ओलांडून नेलेल्या, गंजलेल्या नळजोडण्या त्या वेळी आजूबाजूचे पाणी आत ओढतात. फुटक्या सांध्यातून होणारा हा शिरकाव काटेकोर अर्थाने क्रॉस कनेक्शन नव्हे, पण त्याचे कारण तेच आहे. कर्नाटकातील हुबळी-धारवाड येथे काही भागांत चोवीस तास पुरवठा सुरू झाल्यानंतर तेथील आणि खंडित पुरवठ्याच्या भागांतील नळांच्या पाण्याचा तुलनात्मक अभ्यास झाला. खंडित पुरवठ्याच्या नळांत प्रदूषणदर्शक जीवाणू अधिक वेळा व अधिक प्रमाणात आढळले.

या पार्श्वभूमीवर टिल्लू पंपाकडे पाहावे. कमी दाबाने येणाऱ्या नळाला छोटी विजेची मोटार जोडून पाणी ओढणे आपल्या गावोगावी चालते. नगरपालिका मोटारी जप्त करतात, दंड करतात. वर्तमानपत्रांतील बातम्यांत ‘पाणीचोर’ हा शब्द येतो. शेजाऱ्याच्या वाट्याचे पाणी ओढले जाते हे खरेच आहे. परंतु वाहिनी जेवढे पाणी देऊ शकते त्याहून अधिक पंप ओढू लागला की त्या भागातील दाब वातावरणापेक्षाही खाली जातो. अशा वेळी शेजारच्या घरातील नळ उघडला तर पाणी येण्याऐवजी तो फुसफुसत हवा ओढतो, आणि तोंडावर तळहात ठेवला तर तो चिकटतो. हा अनुभव आपल्यापैकी अनेकांनी घेतला असेल. तो तळहात म्हणजे उलटप्रवाहाचे प्रात्यक्षिकच होय. त्या नळाला जोडलेली नळी जनावरांच्या हौदात, कपड्यांच्या टबात किंवा अंगणातील डबक्यात असेल, तर हवेच्या जागी तेथील पाणी जाईल. पाणी कमी मिळाल्याची तक्रार शेजारी करतो. त्याच्या टबातील पाणी कोणाच्या पिंपात गेले, याची तक्रार कोणी करत नाही.

विशेष म्हणजे आपल्या जुन्या घरबांधणीत या प्रश्नाचे उत्तर अजाणता दडलेले आहे. जमिनीखालच्या टाकीत वरून धार पडते आणि मग पंप त्या टाकीतून पाणी गच्चीवर चढवतो. धार आणि पाण्याची पातळी यांत हवा असेपर्यंत ही रचना वर वर्णन केलेल्या सर्वोत्तम उपायाचीच आहे. ती बिघडते कारण दाब कमी म्हणून जोडणी टाकीच्या तळाशी घेतली जाते, किंवा बॉल कॉक नादुरुस्त होऊन टाकी तोंडोतोंड भरते. मग पुरवठा थांबल्यावर टाकीच वाहिनीत रिकामी होऊ लागते. दुसरा सर्रास आढळणारा दोष म्हणजे बोअरवेलची आणि नगरपालिकेची वाहिनी एका व्हॉल्व्हने जोडणे. पाणी आले की एक व्हॉल्व्ह उघडायचा, दुसरा बंद करायचा. हे काम रखवालदाराच्या स्मरणशक्तीवर सोपवलेले असते. नोकियातील व्हॉल्व्हही असाच होता.

आता या चित्रात पुनर्वापराच्या पाण्याची भर पडत आहे. मोठ्या गृहसंकुलांत प्रक्रिया केलेले सांडपाणी शौचालयासाठी व बागेसाठी वापरणे योग्यच आहे. पण त्यामुळे पिण्याच्या पाइपाशेजारून दुसरा पाइप जातो. नेदरलँड्समधील युट्रेख्त शहराच्या एका नव्या वसाहतीत अशी दुहेरी व्यवस्था होती. २००१ मध्ये तेथे दोन्ही वाहिन्या चुकून जोडल्या गेल्या, अनेक रहिवासी आजारी पडले आणि २००३ मध्ये त्या देशाने अशा मोठ्या योजनांना परवानगी न देण्याचे ठरवले. आपल्याला पाण्याच्या टंचाईमुळे तो मार्ग परवडणारा नाही, म्हणूनच पाइपांचे रंग आणि जोडण्यांची तपासणी यांकडे दुर्लक्ष करणेही परवडणारे नाही.

कायद्याची बाजू

आपल्याकडे नियम नाहीत असे म्हणता येणार नाही. भारतीय मानक १०५०० (२०१२) नुसार पिण्याच्या १०० मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय जीवाणू आढळता कामा नये आणि निर्जंतुकीकरणासाठी क्लोरीन वापरले असल्यास मुक्त अवशिष्ट क्लोरीन दर लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम असावे. ही मात्रा किरकोळ प्रदूषणासाठी आहे. आत शिरलेल्या सांडपाण्यापुढे ती टिकत नाही. राष्ट्रीय इमारत संहितेच्या (२०१६) नळकामविषयक नवव्या भागात क्रॉस कनेक्शनला मनाई आणि उलटप्रवाह रोखण्याच्या तरतुदी आहेत. परंतु संहिता शिफारसवजा असते. स्थानिक नियमावलीने स्वीकारल्यावरच तिला बळ येते, आणि तपासणी झालीच तर ती इमारत पूर्ण झाल्याचा दाखला देताना, एकदाच. त्यानंतर घरमालकाने बोअरवेल घेतली, पंप बसवला, हौद बांधला, तर त्याकडे कोणी पाहत नाही.

फौजदारी कायद्यात १८६० च्या भारतीय दंड संहितेचे कलम २७७ सार्वजनिक झरा किंवा जलाशय यांचे पाणी दूषित करणाऱ्यास शिक्षा सांगत असे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम २७९ म्हणून आले आहे. त्यातील शब्द झरा आणि जलाशय असेच आहेत, आणि कृत्य हेतुपुरस्सर असावे लागते. रस्त्याखालील जलवाहिनीचा त्यात नावाने उल्लेख नाही. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याचा रोखही नद्या, प्रवाह, विहिरी यांत सोडल्या जाणाऱ्या द्रव्यांकडे आहे. अर्थात, निष्काळजीपणे बसवलेल्या पंपाला शिक्षेचा धाक हे उत्तर नव्हे. नगरपालिकांच्या नळजोडणीच्या अटींत दोन गोष्टी आल्या तरी बरेच साधेल: प्रत्येक नव्या जोडणीला मीटरपाशी नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, आणि रुग्णालय, प्रयोगशाळा, वसतिगृह, धुलाई केंद्र अशा आस्थापनांची ठरावीक मुदतीने तपासणी. खंडित पुरवठ्यात वाळू आणि गंज यांमुळे हे व्हॉल्व्ह लवकर अडकतात, हा आक्षेप नळकारागिरांकडून ऐकावयास मिळतो आणि तो खरा आहे. म्हणून सोय असेल तेथे टाकीच्या तोंडाशी हवेची जागा राखणेच श्रेयस्कर. दाबाचा मूळ प्रश्न मात्र चोवीस तास पुरवठ्यानेच सुटेल. सातारा जिल्ह्यात कऱ्हाडजवळच्या मलकापूरने मीटरसह असा पुरवठा करून दाखवला आहे आणि ओडिशातील पुरी शहरात २०२१ पासून तो सुरू झाला.

महाविद्यालयाचे आवार

हा विषय प्राध्यापकांसमोर मांडण्याचे एक कारण आहे. एका महाविद्यालयाच्या जललेखापरीक्षणात प्रस्तुत लेखकाने काही वर्षांपूर्वी भाग घेतला होता. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत ऊर्ध्वपातनाच्या संघनकाला थंड पाणी देणाऱ्या रबरी नळ्या प्रत्येक नळाला कायमच्या जोडलेल्या होत्या. प्रयोग नसताना त्यांची टोके सिंकमध्ये लोळत, आणि सिंकची जाळी तुंबलेली असल्याने ती बहुधा पाण्यात बुडालेली असत. त्याच वाहिनीवर, दोन भिंती पलीकडे, विद्यार्थिनी कक्षाचा पिण्याच्या पाण्याचा कूलर होता. बागेतील नळी गुलाबाच्या आळ्यात पडून होती. वसतिगृहात बोअरवेलचे आणि नगरपालिकेचे पाणी एकाच पाइपात येत होते. आम्ही अहवाल दिला. पाण्याच्या नमुन्याचा प्रयोगशाळा-अहवाल चांगला आला आहे, तेव्हा काळजीचे कारण नाही, असे उत्तर मिळाले. नमुना सकाळी पुरवठा चालू असताना घेतलेला होता. त्या वेळी दाब पुरेसा असतो आणि पाणी योग्य दिशेनेच वाहते.

पुढे प्रयोगशाळा सहायकाने स्वतः कात्री घेऊन नळ्या आखूड केल्या. आता त्यांची टोके सिंकच्या काठाच्या वर राहतात आणि संघनकासाठी लागेल तेव्हाच लांब नळी जोडली जाते. त्यास खर्च काही आला नाही. बागेतील नळी वापरानंतर भिंतीवरील खुंटीवर टांगली जाते. वसतिगृहातील जोडणी तोडण्यासाठी कोणता पाइप कोठून कोठे जातो हे आधी कळावयास हवे, आणि इमारतीच्या नळकामाचा नकाशा महाविद्यालयाच्या दप्तरी मिळाला नाही. तो ज्यांच्या डोक्यात होता ते शिपाई निवृत्त होऊन गावी गेले आहेत.